परदेशी पेटंटांचा उसना गज

दरवर्षी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची आकडेवारी प्रसिद्ध झाली की आपल्या वृत्तपत्रांत एक तक्ता येतो. वर चीन, अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी. बरेच अंतर सोडून खाली भारत. त्यावर दोन तऱ्हांचे लेखन होते. काही जण हळहळतात, की एवढा मोठा देश, एवढे अभियंते, आणि परदेशांतली पेटंटे इतकी थोडी. काही जण समाधान मानतात, की गेल्या वर्षीपेक्षा आकडा वाढला. दोघांचेही गृहीत एकच असते: परदेशांत, त्यातही अमेरिकेत मिळालेली पेटंटे हे देशाच्या नवनिर्मितीचे माप होय. हे गृहीत मला पोकळ वाटते. ते चर्चेपुरतेच राहिले असते तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण आता त्याच्या आधाराने प्रयोगशाळांचे अग्रक्रम, विद्यापीठांची क्रमवारी, प्राध्यापकांच्या बढत्या आणि सार्वजनिक पैशाचा खर्च ठरू लागला आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो काही अडाण्यांचा पक्ष नाही. अर्थशास्त्रज्ञ जेकब श्मूकलर यांनी १९६६ साली पेटंटांच्या आकड्यांवरून शोध आणि आर्थिक वाढ यांचे नाते तपासले. झ्वी ग्रिलिचेस यांनी १९९० साली या आकड्यांच्या उपयोगाचा घेतलेला आढावा आजही या विषयातला पायाभूत लेख मानला जातो. या परंपरेतून आलेला युक्तिवाद असा: प्रत्येक देशाचे पेटंट कार्यालय वेगळे, त्याचे कायदे वेगळे, तपासणीची कडकाई वेगळी. त्यामुळे देशांतर्गत पेटंटांची एकमेकांशी तुलना करणे व्यर्थ आहे. भारताचेच उदाहरण घ्या. आपल्या कार्यालयाने २०२२-२३ साली सुमारे ३४ हजार पेटंटे मंजूर केली आणि २०२३-२४ साली एक लाख तीन हजारांहून अधिक. एका वर्षात देशाची प्रतिभा तिप्पट होत नसते. तुंबलेले अर्ज निकाली निघाले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून सगळ्या देशांचे लोक जिथे अर्ज करतात अशा एकाच परक्या कार्यालयातली संख्या घ्यावी, म्हणजे गज एकच राहतो. शिवाय परदेशी पेटंट महाग असते. वकील, भाषांतर, शुल्क आणि पुढची नूतनीकरणे मिळून एका शोधामागे लाखो रुपये जातात. एवढा खर्च माणूस ज्या शोधात दम आहे त्यावरच करील, म्हणजे निवड आपोआप होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने तर त्यापुढे जाऊन युरोप, जपान आणि अमेरिका या तिन्ही कार्यालयांत संरक्षण मागितलेल्या शोधांचीच वेगळी मोजणी सुरू केली.

युक्तिवाद नीटस आहे. दोन खांबांवर तो उभा आहे: गज एकच आहे, आणि खर्चामुळे मोलाचेच शोध वर येतात. आधी गजाकडे पाहू.

अमेरिकी पेटंट कार्यालय एखादे पेटंट कोणत्या देशाचे हे ठरवताना त्यावरील पहिल्या संशोधकाचे राहण्याचे ठिकाण पाहते. जागतिक बौद्धिक संपदा संघटना पहिल्या अर्जदाराचा देश पाहते, आणि अर्जदार बहुधा कंपनी असते. आता बंगळुरूतली एक अभियंता एका अमेरिकी कंपनीच्या केंद्रात काम करते आणि तिच्या कामावर ती कंपनी पेटंट घेते असे समजा. एका तक्त्यात ते पेटंट भारताचे, दुसऱ्यात अमेरिकेचे. हा किरकोळ अपवाद असता तर सोडून देता आला असता. पण १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढल्यापासून परदेशी कंपन्यांची अशी केंद्रे वाढतच गेली, आणि अमेरिकी तक्त्यात भारताच्या नावावर दिसणाऱ्या पेटंटांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. ते काम भारतीयांच्या बुद्धीचे आहे यात शंका नाही. मात्र त्यावरची मालकी, त्याच्या परवान्याचे उत्पन्न, ते कुठे वापरायचे आणि कुठे वापरू द्यायचे नाही याचा निर्णय, हे सारे देशाबाहेर असते. देशाच्या नवनिर्मितीच्या मोजमापात हा भेद पुसला जात असेल तर ते माप कशाचे आहे?

हा गोंधळ आजचा नाही. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे आपल्या भाषेतले बहुधा सर्वांत कल्पक यंत्रशोधक. छापखान्यासाठी टाइप ओतण्याचे त्यांचे यंत्र ‘भिसोटाइप’ या नावाने ओळखले गेले. सर रतन टाटांनी त्यांच्या कामात भांडवल घातले. भिसे आधी लंडनमध्ये आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये राहिले, तिथे त्यांनी पेटंटे घेतली आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. राहण्याच्या ठिकाणाचा नियम लावला तर त्यांची पेटंटे ब्रिटन आणि अमेरिकेच्या खात्यात जातात. जन्माचा नियम लावून ती आपल्या खात्यात ओढली, तर आणखीच अवघड प्रश्न उभा राहतो: इतकी परदेशी पेटंटे नावावर असलेल्या या माणसाच्या यंत्राचा उद्योग मुंबईत का उभा राहिला नाही? पेटंटांची संख्या या प्रश्नाजवळही फिरकत नाही.

गज एकच म्हणतात, पण तो स्थिर तरी आहे का? १९९८ साली स्टेट स्ट्रीट बँकेच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने व्यवसायाच्या पद्धतींना पेटंटाचे दार उघडून दिले. पुढच्याच वर्षी एका टिचकीत खरेदी करण्याच्या पद्धतीवर ॲमेझॉनला पेटंट मिळाले, आणि त्याच डिसेंबरात कडा काढून चारी बाजूंनी बंद केलेल्या सँडविचवरही एक पेटंट मंजूर झाले. २०१४ साली ॲलिस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय पेटंटांची वाट पुन्हा अरुंद केली. भारतातून जाणाऱ्या अर्जांत सॉफ्टवेअरचा भाग मोठा असल्याने वॉशिंग्टनमधल्या अशा एका निकालाने आपला आकडा हलतो. त्या वेळी बंगळुरूत किंवा पुण्यात कोणाच्याही बुद्धीत तसूभर फरक पडलेला नसतो.

यापेक्षा मूलभूत गोष्ट अशी की पेटंट हा एका विशिष्ट बाजारात इतरांना अडवण्याचा कायदेशीर हक्क आहे. माणूस तो तिथेच घेतो जिथे त्याला माल विकायचा असतो किंवा जिथे प्रतिस्पर्ध्याला रोखायचे असते. ज्या देशाचा व्यापार अमेरिकेशी, त्याची पेटंटे तिथे अधिक. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतासाठी कोणी उत्तम पेरणीयंत्र बनवले तर त्याला अमेरिकेत पेटंट घेण्याचे कारणच काय? त्याचे गिऱ्हाईक जालन्याला आहे, नक्कल करणारा राजकोटला असेल. परदेशी पेटंटांच्या तक्त्यात हे यंत्र शून्य धरले जाईल, आणि ते शून्य त्याच्या कल्पकतेबद्दल काहीही सांगणार नाही. म्हणजे हे आकडे बरेचसे निर्यातीची दिशा मोजतात. ती मोजायला व्यापाराची आकडेवारी अधिक चांगली आहे.

आता दुसरा खांब: खर्चामुळे होणारी निवड. माणूस पदरचे पैसे घालतो तेव्हा हा तर्क काही अंशी बरोबर असतो. पण पैसे दुसऱ्याचे असले की तो कोसळतो.

चीनमध्ये १९९९ पासून आधी शांघायने आणि मग एकेका प्रांताने पेटंट अर्जांना सरकारी अनुदान द्यायला सुरुवात केली. अनेक ठिकाणी परदेशी अर्जांनाही ते मिळे. अर्जांचा पूर आला आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय अर्जांत चीनने अमेरिकेला मागे टाकले. त्या पुरात खरी कामेही पुष्कळ होती, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण किती खरी आणि किती अनुदानासाठी, हे संख्येवरून ओळखता येईना. अखेर जानेवारी २०२१ मध्ये चीनच्या पेटंट प्रशासनानेच आदेश काढला, की अर्जाच्या टप्प्यावरची अनुदाने त्याच वर्षी जूनअखेर बंद करावीत आणि उरलेली २०२५ पर्यंत संपवावीत. ज्या आकड्याने जग थक्क झाले होते, तो फुगवणे थांबवण्याची गरज खुद्द तो मिळवणाऱ्यांना वाटली. आपल्याकडे अजूनही त्याच आकड्याचा दाखला देऊन चीनसारखे धोरण आखा असे सांगितले जाते, हे मला फार काळजीचे वाटते.

आपल्या घरचे उदाहरण वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि पुढे परिषदेचे महासंचालक झालेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांनी भारतीय वैज्ञानिकाला पेटंटाची भाषा शिकवली. हे काम मोठे होते आणि त्याची गरज होती. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले, तेव्हा परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते आव्हानित केले आणि १९९७ साली रद्द करून घेतले. ती लढाई आपल्याला पेटंट कायदा वाचता येऊ लागला म्हणून जिंकता आली. (हळदीचे हे पेटंट रद्द होईपर्यंत तक्त्यात एका नवनिर्मितीचा आकडा म्हणून उभेच होते, हेही लक्षात घ्यावे.) पण पेटंटाची साक्षरता वेगळी आणि पेटंटांची संख्या हे उद्दिष्ट वेगळे. ती संख्याच उद्दिष्ट झाली, आणि पुढे त्याच परिषदेचे महासंचालक गिरीश साहनी यांना जाहीरपणे सांगावे लागले, की परिषदेची बरीचशी पेटंटे ‘बायोडेटा पेटंटे’ आहेत, म्हणजे वैज्ञानिकाच्या व्यक्तिगत माहितीपत्रकात भर घालण्यापुरती घेतलेली, आणि त्यांवर होणारा सार्वजनिक खर्च परवडणारा नाही. परदेशी पेटंट महाग असते म्हणून ते मोलाचे असणारच, या तर्काला याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

यापुढची पायरी अधिक दुःखद आहे. उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत प्रसिद्ध झालेल्या आणि मंजूर झालेल्या पेटंटांना गुण आहेत. गुण आले की ते मिळवण्याच्या वाटा निघतात. ऑस्ट्रेलियात ‘इनोव्हेशन पेटंट’ नावाचा एक प्रकार होता. त्याची मुदत आठ वर्षे, दावे जास्तीत जास्त पाच, आणि मंजुरीपूर्वी नावीन्याची तपासणी नाही. कागदपत्रे बरोबर असली की ते मिळे. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने नवे अर्ज घेणे थांबवले. त्याआधीच्या काळात भारतातल्या महाविद्यालयांतून अशा अर्जांची रीघ लागली होती. एकेका अर्जावर वेगवेगळ्या राज्यांतल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांची नावे ओळीने असत. त्या कायद्याने ती खरीखुरी पेटंटे होती आणि परदेशी होती. त्यांनी कोणाच्या प्रयोगशाळेत काय घडले? या प्राध्यापकांना दोष देऊन मी थांबणार नाही. बढतीचा निकष त्यांनी लिहिलेला नव्हता. ज्यांनी तो लिहिला त्यांनी एक उसना गज हाती घेतला आणि तो कोणत्या कापडासाठी बनला होता ते पाहिले नाही.

व्यापारी कंपन्या याबाबतीत अधिक शहाण्या निघाल्या. १९९३ पासून सलग २९ वर्षे अमेरिकेत सर्वाधिक पेटंटे घेण्याचा मान आयबीएमकडे होता. २०२२ साली तो गेला, तेव्हा त्यांचे संशोधनप्रमुख दारिओ गिल यांनी सांगितले की आकड्यातले पहिले स्थान हे उद्दिष्ट कंपनीने २०२० सालीच सोडून दिले होते.

इथपर्यंतचे खंडन तक्त्यात काय येते याचे होते. तक्त्यात काय येत नाही, ही माझ्या दृष्टीने अधिक मोठी गोष्ट आहे.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या आणि नातेवाइकांनाच ते पाणी रुग्णांना पाजायला सांगितले. या पाण्यामागचे शास्त्र ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतले होते. ते छावणीच्या चिखलात, प्रशिक्षित माणसांशिवाय चालते हे महालनबीसांनी दाखवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराला शतकातल्या वैद्यकीय प्रगतीत कदाचित सर्वांत महत्त्वाचे ठरेल असे स्थान दिले. महालनबीसांनी त्यावर कसलाही हक्क सांगितला नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने जे केले ते याच जातीचे. खेड्यात जन्मलेले बाळ पहिल्या महिन्यात दगावते, आणि दवाखाना तर दूर. त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, वेळ पडल्यास घरीच इंजेक्शन देणे हे त्यांना शिकवले. ३९ गावांत हा प्रयोग झाला, ४७ गावे तुलनेसाठी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि २०११ साली घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाला. यात नवे यंत्र नाही, नवा रेणू नाही. नवीन आहे ती मांडणी: कोणते वैद्यकीय ज्ञान किती सोपे करून कोणाच्या हाती द्यायचे. तिचे पेटंट घेतो म्हटले तरी मिळाले नसते, कारण उपचारपद्धती भारतीय कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार पेटंटयोग्य नाहीत. युरोपातही नाहीत.

त्याच कलमाने वनस्पती आणि बियाणेही वगळली आहेत. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपले आणि वर्षानुवर्षे निवड करत एचएमटी हे बारीक तांदळाचे वाण घडवले. शाळा त्यांना जेमतेम लाभली होती. वाण विदर्भाच्या बाहेर, इतर राज्यांत पसरले. २०१८ साली खोब्रागडे वारले तेव्हा त्यांच्या नावावर एकही पेटंट नव्हते, परदेशी तर नाहीच. द्राक्षबागाइतदारांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेल्या ‘तास-ए-गणेश’ आणि ‘सोनाका’ या जातींची कथाही अशीच आहे.

पूर्वपक्षी इथे म्हणेल की ही लोककल्याणाची क्षेत्रे झाली, उद्योगाचे बोला. उद्योगाचे बोलू. १९८० च्या दशकात येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अमेरिकी उद्योगांच्या १३० शाखांतल्या साडेसहाशे संशोधनप्रमुखांना विचारले, की नव्या वस्तूपासून मिळणारा फायदा तुम्ही कसा राखता. बहुतेक शाखांत उत्तर आले: इतरांच्या आधी बाजारात पोहोचून, शिकत शिकत खर्च कमी करून, विक्री आणि सेवेच्या बळावर. पेटंटाचा क्रमांक खाली होता. औषधे आणि काही रसायने हा मुख्य अपवाद. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कार्नेगी मेलनच्या पाहणीतही गुप्तता आणि आघाडी यांनाच पहिली पसंती मिळाली. इतिहासातही हेच दिसते. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जगाच्या उद्योगांचे प्रदर्शन भरले होते. अर्थतज्ज्ञ पेट्रा मोझर यांनी त्याच्या सूची तपासल्या, तेव्हा ब्रिटनने मांडलेल्या नव्या वस्तूंपैकी सुमारे ११ टक्केच पेटंट घेतलेल्या निघाल्या. नेदरलँड्सने १८६९ साली पेटंट कायदाच रद्द केला तो १९१२ पर्यंत. त्याच काळात, १८९१ साली, आइंडहोवनला फिलिप्सचा दिव्यांचा कारखाना निघाला. स्वित्झर्लंडमध्ये १८८८ पर्यंत राष्ट्रीय पेटंट कायदा नव्हता आणि रसायनांना त्याचे संरक्षण १९०७ पर्यंत नव्हते. बाझल शहरातले रंगांचे कारखाने याच मोकळ्या जागेत वाढले. स्विस लोक परदेशांत पेटंटे घेत होते हे खरे आहे; पण घरात त्यांनी जी वाट मोकळी ठेवली ती त्या पेटंटांवरून कोणाला कळणार?

याच मोकळ्या वाटेचा भारतीय अध्याय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सरकारला दिलेल्या अहवालात दाखवून दिले, की भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटे परदेशीयांच्या हाती आहेत आणि त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक इथे वापरातच नाहीत. ती घेतलेली होती ती आयातीचा बाजार राखण्यासाठी. त्या विचारातून १९७० चा पेटंट कायदा आला. अन्न, औषधे आणि रसायने यांत वस्तूवर पेटंट नाही, फक्त ती बनवण्याच्या प्रक्रियेवर, आणि औषधांच्या बाबतीत तेही फार थोड्या मुदतीचे. याचा परिणाम भारतीय रसायनशास्त्रावर झाला. एखादे औषध बनवायचे तर मूळ कंपनीच्या वाटेने न जाता नवी वाट शोधावी लागे, आणि ती स्वस्त असावी लागे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले आणि पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेलेले ए. व्ही. रामाराव यांनी एड्सवरील एझेडटी हे औषध बनवण्याची अशी प्रक्रिया मुंबईच्या सिप्ला कंपनीसाठी बसवली. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ केला. बहुराष्ट्रीय कंपन्या त्यासाठी दहा ते पंधरा हजार डॉलर घेत होत्या. पुढे सिप्लाने तिन्ही औषधे एकाच गोळीत घातली. ती मूळची वेगवेगळ्या कंपन्यांची होती. जिथे प्रत्येकीचे पेटंट लागू होते तिथे अशी गोळी करायची तर त्या सगळ्यांना एकत्र यावे लागले असते. आपल्याकडे तो अडसर नव्हता म्हणून ती गोळी झाली, आणि आफ्रिकेत लाखोंच्या हाती पोहोचली.

ही नक्कल होती, शोध नव्हता, असा आक्षेप आजही ऐकू येतो. मला तो मान्य नाही. रेणू दुसऱ्यांचे होते हे उघड आहे. पण त्यांच्याकडे जाण्याची नवी रासायनिक वाट, तीन औषधे एका गोळीत टिकवण्याची घडण आणि किंमत एवढी खाली आणणारे उत्पादन, हे सारे आधी अस्तित्वात नव्हते आणि नंतर होते. नवनिर्मितीची याहून वेगळी व्याख्या करायची तर ती करणाऱ्याने तिचे समर्थन द्यावे. आणि १९७० ते २००५ या पस्तीस वर्षांत अमेरिकी पेटंटांच्या तक्त्यात भारत कुठे होता? फार खाली. जगातल्या गरिबांची औषधपेटी ज्या काळात इथल्या रसायनशास्त्राने भरली, तोच काळ या मापाने नापीक ठरतो. इथे माप चुकले आहे असे म्हणायला आपण का कचरतो?

२००५ पासून वस्तूवरचे पेटंट पुन्हा आले. कर्करोगावरच्या ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या नव्या रूपावर नोव्हार्टिसने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले, कारण जुन्याच पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाले नाही. हेच रूप इतर अनेक देशांत पेटंट मिळवून एकेक आकडा वाढवून बसले होते. नोव्हार्टिसचे पूर्वज बाझलचे तेच रंग-रसायनांचे कारखाने, जे पेटंटमुक्त हवेत वाढले होते.

मग या आकड्यांचा काहीच उपयोग नाही का? आहे, मर्यादित. एकच उद्योग, एकच कार्यालय, एकच कालखंड घेऊन दोन कंपन्यांची किंवा दोन प्रयोगशाळांची तुलना करता येते. त्यातही नुसती संख्या न घेता पुढच्या पेटंटांनी कोणाचा आधार घेतला आणि किती वर्षे नूतनीकरणाचे शुल्क भरले गेले, हे पाहिले तर. दूरसंचारासारख्या क्षेत्रात, जिथे जागतिक मानकेच पेटंटांवर उभी आहेत, भारताची तिथली अनुपस्थिती ही खरी उणीव आहे आणि ती भरून काढली पाहिजे. पण तिथेही प्रश्न त्या क्षेत्रापुरता विचारावा. संबंध देशाच्या कपाळावर एक संख्या चिकटवणे हा त्या विद्येचा उपयोग नव्हे. खुद्द ग्रिलिचेस यांचा आढावा या आकड्यांच्या मर्यादांविषयी किती सावध आहे ते त्यांचे नाव घेणाऱ्यांनी पाहावे.

संख्या हवीच असेल तर आपल्या कायद्यातच तिच्याहून उपयोगाची एक सोय पडून आहे. कलम १४६ नुसार पेटंटधारकाने आपला शोध भारतात वापरात आहे की नाही हे नमुना २७ मध्ये कळवावे लागते. अय्यंगारांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मिळवण्याची ही व्यवस्था. पूर्वी ही माहिती दरवर्षी द्यावी लागे. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने ती तीन वर्षांतून एकदा दिली तरी चालते. ज्या वर्षी एक लाख पेटंटे मंजूर झाल्याचे आपण सांगत होतो, त्याच वर्षी त्यांचे पुढे काय होते हे विचारण्याची वेळ आपण लांबवली. ती पुन्हा वार्षिक करावी आणि ती माहिती कोणालाही शोधता येईल अशी खुली ठेवावी. सरकारी पैशाने परदेशांत घेतलेल्या प्रत्येक पेटंटालाही हाच नियम लावावा: मालक कोण, परवाना कोणाला दिला, उत्पन्न किती आले, आणि पुढचे नूतनीकरण करायचे तर कशासाठी. विद्यापीठांच्या क्रमवारीतले गुण द्यायचेच असतील तर या उत्तरांना द्यावेत.